पहिलं घर कोणाचं?

खानापूर, बेळगाव, हुक्केरीकडच्या गावांत लक्ष्मी यात्रेची बैठक बसली की हिशेबाआधी मानाचा विषय निघतो. पहिली ओटी कोणाची, गाऱ्हाणं कोण घालणार, देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या आसनावर, बसताना हक्कदार म्हणून कुठली घरं पुढे राहणार. यात्रा पुष्कळ गावांत कितीतरी वर्षांच्या अंतराने भरते, तरी हा क्रम कोणी विसरत नाही. कारण सगळ्यांना पाठ असतं: गाव ज्यांनी वसवलं, त्यांचा मान पहिला.

पण गाव वसवणं म्हणजे नेमकं काय होतं?

दुष्काळ, पटकी, फौजांची ये-जा यांनी गावं उठायची. जमीन पडीक पडली की सारा बुडायचा, म्हणून सत्ता कोणाचीही असो, पुन्हा वस्ती करणारा माणूस तिला हवाच असायचा. अशा माणसाला कौल, म्हणजे सवलतीचा लेखी करार, मिळे. इस्ताव्याच्या कौलात पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरवर्षी चढता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुरा. तेवढ्या सवलतीवर माणसं गोळा करायची, रान तोडायचं, विहीर पाडायची, बैलं उभी करायची. घरं बसली ती पांढरी, कसायला घेतली ती काळी. ज्याने हे जमवून आणलं त्याच्या घरात पाटीलकी आली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिली. दप्तर लिहिणाऱ्याकडे कुळकर्ण. वतनी हक्काने जमीन कसणारे मिरासदार, मागून आलेले उपरी.

आपल्या भागात एक गोष्ट फार गोड आहे आणि तीच सगळ्यात जास्त विसरली जाते. ही पदं दोन्ही भाषांची होती. इथल्या जुन्या कानडी शिलालेखांतला गावुंड म्हणजे गावचा मुख्य. मराठीत ज्याला देशमुख म्हणतात त्याला इकडे देसाई किंवा नाडगौडा म्हणत. देशपांडे आणि नाडकर्णी हेही एकाच कामाचे. आपले बलुतेदार, तर कानडीत आयगार. म्हणून बेळगाव जिल्ह्यात पाटील, कुलकर्णी, देशपांडे, देसाई या आडनावांवरून घरात कुठली भाषा बोलतात ते सांगता येत नाही. आडनाव कामाचं आहे, भाषेचं नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख कंपनीकडे आला. आधी धारवाडला जोडलेला बेळगाव १८३६ मध्ये वेगळा जिल्हा झाला. मधल्या काळात, १८२४ साली, कित्तूरच्या देसाई घराण्याचा दत्तक वारस कंपनीने नाकारला आणि राणी चन्नम्मा लढायला उभी राहिली. घराण्याचा वारस हा तेव्हा राज्य राहण्या-जाण्याचा प्रश्न होता. पुढे १८४० च्या दशकात दक्षिण मराठा मुलखात विंगेट या इंग्रज अधिकाऱ्याची जमीनमोजणी आली. शेताला नंबर मिळाला, सारा थेट खातेदाराच्या नावावर लागला. मग इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनने जुने कागद मागितले. ज्याच्याकडे सनद होती तो तरला, ज्याच्याकडे नुसती आठवण होती त्याची पंचाईत झाली. १८७४ च्या वतन कायद्याने उरलेली पदं सरकारी चौकटीत बसवली.

त्यानंतर १८७६ ते ७८ चा दुष्काळ. जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ पेक्षा घटून १८८१ च्या जनगणनेत ८ लाख ६४ हजारांवर आली. ‘आम्ही मूळचे’ हे कोणी छाती ठोकून सांगायला लागलं की मला हा आकडा आठवतो. एवढी माणसं गेल्यावर गावं परत भरली असतील ती मागून आलेल्यांच्या कष्टानेही.

आणि मूळचे म्हणजे फक्त पाटील-कुलकर्णी का? गावाच्या शिवेवरून भांडण लागलं की निवाड्यात महाराची साक्ष वजनाची धरत. शीव कुठून कुठे जाते ते त्याला पावलांनी माहीत होतं. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरली, त्याचं घर गाव वसवल्याच्या गोष्टीत येत नाही. हा अन्याय आहे. गावचा इतिहास लिहायला बसलेल्या प्रत्येकाने तो आधी दुरुस्त केला पाहिजे.

कुळकर्ण वतनं मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने गेली. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली. चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला, बेळगावचा बाकी जिल्हा म्हैसूर राज्यात. एकाच मूळपुरुषाची भावकी दोन राज्यांत वाटली गेली. चंदगडकडच्या चुलत्यांचा सातबारा मराठीत, आमचा उतारा कानडीत. उरलेली गावकीची वतनं, पाटीलकीपासून महारकीपर्यंत, म्हैसूरच्या १९६१ च्या कायद्याने बंद झाली. जमिनी रक्कम भरून पुन्हा नावावर करून घ्याव्या लागल्या. वतन गेलं, यात्रेतला मान तेवढा राहिला.

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत मोडीतला एक जुना महजर, म्हणजे गावाच्या साक्षीने झालेला निवाड्याचा कागद, आहे. आजोबा तो आमच्या घराण्याचा पुरावा म्हणून दाखवायचे, आणि बोट नेहमी वरच्या ओळीवर, आमच्या नावावर ठेवायचे. खालचा भाग मी मोठेपणी नीट पाहिला. तिथे निशाण्या आहेत. पाटलाचा नांगर, बोटाच्या पेराएवढा. त्याच्या शेजारी सुताराचा वाकस, चांभाराची आरी आणि शेवटी, शाई थोडी फुटलेली, महाराचा विळा-दोर. नांगर आणि विळा-दोर एकाच कागदावर, एकाच शाईत, मधे चार बोटांचं अंतर.