फेस येतो, पण कीट निघत नाही

राऊटरचं (लाकडाला खाचा आणि कडा पाडणाऱ्या यंत्राचं) फिरतं पातं, म्हणजे बिट, काळं पडलं, लाकडावर तपकिरी चट्टे उमटू लागले की 'बिट जळालं, नवं आणा' म्हणून ते सरळ भंगारात जातं. लातूर-नांदेडकडच्या फर्निचरच्या वर्कशॉपांत हे नेहमीचंच. त्यात आता मिस्त्री लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक रील फिरतंय: बिटावर खाण्याचा सोडा टाका, वरून व्हिनेगर ओता, फसफसून फेस आला की बिट नवंकोरं! हा लेख त्या फेसामुळे लिहितोय.

जळतं ते लाकूड, बिट नव्हे. बिटाच्या पात्यांवर टंगस्टन कार्बाइड असतं, ते वितळायला २,८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. लाकूड मात्र २०० अंशांच्या पुढे विघटित व्हायला लागतं. आता हिशेब बघा. १२ मिलिमीटरचं बिट मिनिटाला १८,००० फेरे घेतं तेव्हा त्याची धार ताशी ४० किलोमीटरने पळत असते. बिटाला दोन पाती आहेत आणि तुम्ही मिनिटाला ३ मीटर पुढे सरकताय, तर प्रत्येक पातं ०.०८ मिलिमीटरचा छिलका काढतं. हात रेंगाळला आणि वेग अर्ध्या मीटरवर आला की छिलका उरतो ०.०१४ मिलिमीटरचा. एवढा पातळ थर धड कापला जात नाही, धार त्यावर नुसती घासत राहते. छिलक्यासोबत बाहेर पडणारी उष्णता तिथेच साठते. मग किनवटच्या सागातलं तेल असो, पाइनची राळ असो की एमडीएफमधला (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीतला) युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद, सगळं पात्याला चिकटून करपतं. कीट चढलेलं पातं आणखी घासतं, आणखी तापतं.

या कीटात दोन गोष्टी असतात: कोळसा आणि त्याला धरून ठेवणारा चिकटा. कोळसा कशातच विरघळत नाही, त्याच्या नादी लागू नका. चिकटा सैल केला की कोळसा आपोआप सुटतो.

चिकट्यात राळेतली आम्लं असतात. धुण्याच्या सोड्यातलं सोडियम त्यांना मिळालं की चक्क साबण तयार होतो आणि तो पाण्यात जातो. एवढं सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे. लिग्निन आणि टॅनिन या लाकडातल्याच पदार्थांच्या करपलेल्या तुकड्यांवर फिनॉल गट असतात, म्हणजे कार्बनच्या कड्याला जोडलेला एक ऑक्सिजन आणि त्याला बिलगलेला हायड्रोजन. साध्या पाण्यात हा हायड्रोजन जागचा हलत नाही. पाणी किती आम्ल, किती क्षारीय हे सांगणारा आकडा म्हणजे पीएच: ७ च्या वर क्षारीय, खाली आम्ल. साध्या फिनॉलचं उदाहरण घेतलं तर पीएच १० ला बरोबर निम्मे रेणू आपला हायड्रोजन सोडतात. पीएच एकेक अंकाने चढतो तसं सुटलेल्या-न सुटलेल्यांचं गुणोत्तर दहापट होतं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच सुमारे ८.३, तिथे शंभरातले जेमतेम दोन सुटतात. धुण्याच्या सोड्याचा ११.३ धरला तर पंच्याण्णव! हायड्रोजन गेला की मागे ऋण भार उरतो. शेजारी शेजारी बसलेले ऋण भार एकमेकांना ढकलतात, मधल्या फटीत पाणी शिरतं, थर फुगतो आणि पात्यावरची पकड सोडतो.

म्हणजे सगळी मदार पीएच वर नेण्यावर आहे, आणि रीलवाले त्यात व्हिनेगर ओतून तो खाली आणतात. सोडा आणि आम्ल एकमेकांना संपवतात, उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. फेस म्हणजे निव्वळ कार्बन डायऑक्साइड. शिवाय कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात आणि आम्ल त्या कोबाल्टलाच खातं. मशीनला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची टांगायची हौस असेल तर टांगा, मशीनला त्याने काही होत नाही. त्या लिंबाच्या रसात बिट मात्र बुडवू नका.

धुण्याचा सोडा किराणा दुकानात मिळतो. नाही मिळाला तर खाण्याचा सोडा लोखंडी कढईत चांगला तापवा. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेले की उरतो तो धुण्याचाच सोडा. (जालन्याची हद्द ओलांडली की बुलढाण्यातलं लोणार. तिथलं सरोवर याच सोड्यामुळे क्षारीय आहे आणि पूर्वी त्यातून सोडा काढतही असत.)

राऊटरचा प्लग काढून बिट सोडवा. त्यावर बेअरिंग असेल तर तेही उतरवा, नाहीतर आतलं ग्रीस धुऊन जाईल. स्टीलच्या पेल्यात कोमट पाणी आणि चमचाभर सोडा घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो. हातमोजे घाला. दहा-पंधरा मिनिटांनी पितळी ब्रशने घासा, धुवा, लगेच कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा. चाकूने खरवडलं तर कार्बाइडची धार तुटते. गॅसच्या ज्योतीवर कीट जाळणंही नको: स्टील कार्बाइडच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे दोघांमधल्या डाखावर ताण येतो.

एवढं करूनही लाकूड जळत असेल तर धारच गेली आहे. सागात सिलिका असते, ती कार्बाइडलाही झिजवते. भिंगातून बघा. धारेवर चमकती रेघ दिसली तर ती गोल झाली आहे. अशा वेळी हिऱ्याचं चाक असलेला धारवालाच गाठा, साध्या दगडाने कार्बाइडला धार लागत नाही.