जमिनीवर विकास योजनेचे आरक्षण असल्यास मालकाने करावयाचे अर्ज, पात्रता व कागदपत्रे

महाराष्ट्रातील शहरांच्या विकास योजनांमध्ये, म्हणजे जमिनीचा वापर ठरविणाऱ्या आराखड्यांमध्ये, रस्ता, उद्यान, क्रीडांगण, शाळा, रुग्णालय, भाजी मंडई अशा सार्वजनिक प्रयोजनांसाठी खासगी जमिनी आरक्षित केल्या जातात. आरक्षण पडल्यानंतर जमीन मालकाच्याच नावावर राहते आणि सातबाराही त्याचाच असतो, मात्र आरक्षणाशी विसंगत बांधकामाला परवानगी मिळत नाही आणि खरेदीदारही मागे हटतो. संपादन होत नाही, मोबदला मिळत नाही आणि जमीन वापरताही येत नाही, अशा अवस्थेत अनेक कुटुंबांच्या जमिनी वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये या अवस्थेतून बाहेर पडण्याचे मार्ग दिलेले आहेत, परंतु ते आपोआप लागू होत नाहीत. मालकाने योग्य वेळी, योग्य कार्यालयात, लेखी स्वरूपात मागणी करावी लागते.

सुरुवात झोन दाखला (जमीन योजनेतील कोणत्या विभागात आहे याचा दाखला) आणि भाग नकाशा (योजनेच्या नकाशाचा त्या जमिनीपुरता भाग) यांपासून करावी. ‘जमीन यलो झोनमध्ये (रहिवास विभागात) आहे’ एवढ्या तोंडी माहितीवर अनेक व्यवहार होतात. रहिवास विभागातील जमिनीवरही विकास योजनेतील रस्त्याची रेषा किंवा उद्यानाचे आरक्षण असू शकते, आणि ते केवळ विभागाच्या रंगावरून कळत नाही. म्हणून दाखल्यासोबत भाग नकाशाची मागणी त्याच अर्जात करावी. महानगरपालिका किंवा नगरपरिषद हद्दीत हा अर्ज नगररचना विभागाकडे, आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात नगररचना विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे करावयाचा असतो. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रातील गावांसाठी तो त्या प्राधिकरणाकडे जातो. मुंबईत याच कागदाला डी. पी. रिमार्क म्हणतात.

या अर्जासोबत अलीकडचा सातबारा उतारा किंवा नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका, गट नकाशा आणि भूमि अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा जोडावा. मोजणी नकाशा प्रत्येक ठिकाणी मागितला जातोच असे नाही, तरीही तो जोडण्याचा आग्रह मी धरीन, कारण एकाच गटाचा काही भाग आरक्षणात आणि काही भाग बाहेर असेल, तर नेमके किती क्षेत्र बाधित आहे हे मोजणीशिवाय ठरत नाही आणि पुढील प्रत्येक टप्प्यावर तोच आकडा विचारला जातो. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली मुदत संपल्यापासून 30 दिवसांत प्रथम अपील करता येते. त्यासाठी अर्जाची पोच जपून ठेवणे आवश्यक आहे.

विकास योजना अद्याप प्रारूप अवस्थेत असेल, तर सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी खर्चाचा उपाय त्याच वेळी उपलब्ध असतो. 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 26 खाली (पुढील सर्व कलमे याच अधिनियमाची आहेत) प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर सूचना व हरकती मागविल्या जातात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी 30 दिवसांची मुदत असते. हरकत कोणीही घेऊ शकतो, आणि हरकतदारास नियोजन समितीपुढे सुनावणीची संधी मिळते. हरकतीत केवळ ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे न लिहिता, जागेवर असलेले अधिकृत बांधकाम, पूर्वीची परवानगी, मंजूर रेखांकन, जवळच असलेले त्याच प्रयोजनाचे दुसरे आरक्षण किंवा उपलब्ध सरकारी जमीन अशा तपासता येणाऱ्या बाबी पुराव्यासह मांडाव्यात. ही संधी हुकल्यास पुढे बराच काळ थांबावे लागते.

योजना मंजूर होऊन अंमलात आल्यानंतर मालकासमोर प्रामुख्याने दोन दिशा राहतात: जमीन देऊन मोबदला घेणे, किंवा संपादन न झाल्यास आरक्षण व्यपगत होण्याची, म्हणजे रद्द झाल्याचे मानले जाण्याची, मागणी करणे.

पहिल्या दिशेची तरतूद कलम 126 मध्ये आहे. आपसांतील कराराने रोख मोबदला, जमिनीच्या बदल्यात चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडावर अनुज्ञेय बांधकामाचे प्रमाण) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), अथवा भूसंपादन कायद्याखालील संपादन असे तीन प्रकार त्यात आहेत. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 पासून लागू आहे. बृहन्मुंबई महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र, नैना क्षेत्र (नवी मुंबई विमानतळाभोवतीचा परिसर), लोणावळा, गिरिस्थान नगरपरिषदा आणि अधिसूचित पर्यावरण संवेदनशील क्षेत्रे तिच्यातून वगळलेली आहेत. या नियमावलीनुसार आरक्षित जमीन विनामोबदला हस्तांतरित करणाऱ्या मालकास विकास हक्क प्रमाणपत्र मिळते. समावेशक आरक्षणाच्या तरतुदीखाली ठरावीक भाग किंवा बांधीव सुविधा प्राधिकरणास देऊन उरलेल्या जागेचा विकास मालक स्वतःही करू शकतो. ज्या शहरात विकास हक्कांना मागणी आहे तेथे हा मार्ग लवकर फलदायी ठरतो. मागणी नसलेल्या लहान गावात हातात केवळ प्रमाणपत्र राहण्याची शक्यता अधिक असते, म्हणून स्थानिक बाजाराची चौकशी करूनच निर्णय घ्यावा.

दुसऱ्या दिशेचा आधार कलम 127 आहे, आणि तेथे तारखांना सर्वाधिक महत्त्व आहे. अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत जमीन कराराने संपादित झाली नसेल, किंवा कलम 126 खालील संपादनाची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध झाली नसेल, तर मालक किंवा जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती नियोजन प्राधिकरणावर (उदा. महानगरपालिका किंवा नगरपरिषद), विकास प्राधिकरणावर किंवा समुचित प्राधिकरणावर (ज्या विभागासाठी वा संस्थेसाठी जमीन आरक्षित आहे तिच्यावर) नोटीस बजावू शकते. नोटीस बजावल्यापासून 24 महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत झाल्याचे कायदा मानतो. हा कालावधी पूर्वी कमी होता. 2015 च्या सुधारणेने तो 24 महिने झाला. त्यामुळे जुन्या मसुद्यावरून नोटीस तयार करणाऱ्यांनी कालावधीचा उल्लेख दुरुस्त करून घ्यावा.

दहा वर्षे मंजुरीच्या तारखेपासून नव्हे, तर योजना अंमलात आल्याच्या तारखेपासून मोजली जातात. मंजुरीच्या अधिसूचनेतच ही तारीख दिलेली असते आणि ती अधिसूचनेच्या प्रसिद्धीनंतर किमान एक महिन्याची असते. बृहन्मुंबईच्या 2034 च्या विकास योजनेला शासनाने 8 मे 2018 रोजी मंजुरी दिली, परंतु ती 1 सप्टेंबर 2018 पासून अंमलात आली. म्हणजे त्या योजनेतील नव्या आरक्षणाबाबत कलम 127 ची नोटीस 1 सप्टेंबर 2028 नंतरच देता येईल. याशिवाय अनेक शहरांच्या योजना टप्प्याटप्प्याने मंजूर होतात आणि वगळलेल्या भागाला स्वतंत्र अधिसूचनेने नंतर मंजुरी मिळते. आपला गट वगळलेल्या भागात असल्यास त्याची तारीख वेगळी असेल. दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी दिलेली नोटीस कलमाच्या अटीत बसत नाही, आणि अशा नोटिशीवर विसंबून राहिल्यास पुढील दोन वर्षे वाया जातात.

नोटीस देण्यास उशीर करणेही तितकेच धोक्याचे आहे. प्रफुल्ल दवे प्रकरणातील 2015 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की, मालकाने नोटीस देण्यापूर्वीच कलम 38 खाली सुधारित विकास योजना अंतिम झाली आणि तिच्यात आरक्षण कायम राहिले, तर दहा वर्षांची गणना सुधारित योजनेपासून होते. विकास योजना साधारणतः वीस वर्षांनी सुधारित होत असल्याने, दहा वर्षे संपल्यानंतर स्वस्थ बसलेल्या मालकाचा हक्क या फेरतपासणीत हातचा जाऊ शकतो.

नोटिशीसोबत मालकी किंवा हितसंबंध दर्शविणारी कागदपत्रे जोडणे कलमातच बंधनकारक आहे, आणि याच कारणावरून नोटिशी सदोष ठरविल्या जातात. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मालकी ज्या फेरफाराने आली तो फेरफार, खरेदीखत किंवा वाटणीपत्र, वारस नोंदीचा उतारा, झोन दाखला, भाग नकाशा, मोजणी नकाशा आणि योजना अंमलात आल्याच्या अधिसूचनेची प्रत असा संच तयार करावा. जमीन सामाईक असल्यास सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात. एखादा सहहिस्सेदार परदेशात असल्यास त्याचे कुलमुखत्यारपत्र वेळेवर करून घ्यावे. नोटिशीत गट क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक व प्रयोजन, बाधित क्षेत्र आणि कलम 127 चा उल्लेख स्पष्ट असावा. ती नोंदणीकृत टपालाने पाठवून शिवाय आवक कक्षात प्रत्यक्ष देऊन शिक्का व तारखेसह पोच घ्यावी, कारण 24 महिने बजावणीच्या तारखेपासून मोजले जातात. आरक्षण महापालिकेसाठी नसून राज्य शासनाच्या एखाद्या विभागासाठी किंवा अन्य संस्थेसाठी असेल, तर त्या समुचित प्राधिकरणालाही प्रत देणे शहाणपणाचे आहे.

या दोन वर्षांत प्राधिकरण ठराव करते, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठविते आणि संपादन सुरू झाल्याचे मालकास कळविते. गिरनार ट्रेडर्स प्रकरणातील 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने केवळ ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे संपादनाची कार्यवाही नव्हे, हे बहुमताने स्पष्ट केले आहे. लक्ष्मीकांत प्रकरणात 2022 मध्ये याच न्यायालयाने आरक्षण व्यपगत झाल्यानंतर संपादनासाठी प्राधिकरणास आणखी मुदत देण्यास नकार दिला.

दहा वर्षांची वाट पाहणे शक्य नसलेल्या काही मालकांसाठी कलम 49 ची खरेदी सूचना हा स्वतंत्र मार्ग आहे. आरक्षणामुळे किंवा परवानगी नाकारल्यामुळे जमिनीचा वाजवी उपयोग करता येत नाही, अथवा ती वाजवी किमतीस विकता येत नाही, असे दाखविता आल्यास ही सूचना थेट राज्य शासनावर बजावता येते. तिच्यातील अटी कडक आहेत आणि प्रत्येक अट पुराव्याने सिद्ध करावी लागते, म्हणून ती वकिलाच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

आरक्षण व्यपगत झाल्यावर कलम 127(2) नुसार शासनाने राजपत्रात तसा आदेश प्रसिद्ध करावयाचा असतो. त्यासाठी नगरविकास विभागाकडे नोटीस, पोच आणि 24 महिन्यांत संपादन न झाल्याचे दर्शविणारा नियोजन प्राधिकरणाचा अहवाल यांसह अर्ज करावा. आदेश निघत नसल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करता येते. मुक्त झालेली जमीन कोणत्याही वापरासाठी खुली होत नाही, तर लगतच्या जमिनीस योजनेनुसार जो वापर अनुज्ञेय आहे तोच तिला लागू होतो. शेजारचा पट्टा शेती विभागात असेल तर तेवढाच विकास मिळेल, आणि बांधकाम परवानगीचा अर्ज त्याच मर्यादेत करावा लागेल.