हजार जणांच्या मतांतून यंत्राची नियमावली

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘यंत्राला ना जात, ना पक्ष, ते निःपक्षपातीच बोलणार.’ हा समज चुकीचा आहे. चॅटबॉट आधी प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द ओळखायला शिकतो. पण कोणत्या प्रश्नाला कसे उत्तर द्यायचे आणि कुठे नकार द्यायचा, हे त्याला पुढच्या टप्प्यात माणसे शिकवतात. ही माणसे बहुधा एखाद्या कंपनीतले मोजके कर्मचारी असतात. कोट्यवधी लोकांशी बोलणाऱ्या यंत्राचे नियम इतक्या थोड्यांनी का ठरवावेत, हा प्रश्न मला यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

२०२३ मध्ये अँथ्रोपिक ही कंपनी आणि कलेक्टिव्ह इंटेलिजन्स प्रोजेक्ट ही संस्था यांनी यावर एक प्रयोग केला. सुमारे १,००० अमेरिकी नागरिकांना विचारण्यात आले, की चॅटबॉटने कोणते नियम पाळावेत. लोकांनी १,१२७ विधाने लिहिली आणि एकमेकांच्या विधानांवर ३८,२५२ मते नोंदवली. यासाठी वापरलेली ‘पोलिस’ (Polis) नावाची मते गोळा करणारी संगणक प्रणाली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये तयार झाली. तैवानमध्ये २०१५ साली उबर टॅक्सीचा वाद सोडवतानाही तिची मदत झाली होती.

या प्रणालीत प्रत्येक विधानावर सहमत, असहमत किंवा ‘सोडून द्या’ एवढेच म्हणता येते. दुसऱ्याच्या विधानाला उत्तर देण्याची सोयच ठेवलेली नाही, त्यामुळे वादावादीला जागा उरत नाही. पटले नाही तर आपले वेगळे विधान लिहायचे. या मतांचा एक तक्ता तयार होतो. त्यात प्रत्येक व्यक्तीची एक ओळ आणि प्रत्येक विधानाचा एक स्तंभ असतो. सहमतीला अधिक एक, असहमतीला उणे एक आणि सोडून दिल्यास शून्य. या प्रयोगात एका व्यक्तीने सरासरी ३४ मते दिली, म्हणजे तक्त्यातली बहुतेक घरे रिकामीच होती.

आता प्रत्येक ओळ म्हणजे शेकडो मिती असलेल्या अवकाशातला एक बिंदू समजा. असा अवकाश डोळ्यांसमोर आणता येत नाही, म्हणून त्याची सपाट कागदावर सावली पाडायची. प्रकाश कुठून टाकला असता बिंदू एकमेकांपासून जास्तीत जास्त पसरलेले दिसतील, ती दिशा गणिताने शोधता येते. या रीतीला प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस म्हणतात. रिकाम्या घरात त्या स्तंभातल्या मतांची सरासरी धरतात. परंतु त्यामुळे थोडीच मते देणारा माणूस विनाकारण मध्यभागी ओढला जातो, म्हणून त्याचा बिंदू त्या प्रमाणात पुन्हा बाहेर सरकवावा लागतो. मग जवळजवळच्या बिंदूंचे गट पाडले जातात. वय, धर्म, शिक्षण यांतले काहीही न विचारता केवळ मतांवरून हे गट दिसू लागतात, हे मला फार विलक्षण वाटते.

खरी युक्ती यापुढे आहे. समजा, एका गटात ६०० आणि दुसऱ्यात ४०० माणसे आहेत. एका विधानाशी पहिल्या गटातले ९० टक्के सहमत आहेत, दुसऱ्यातले केवळ २० टक्के. म्हणजे एकूण ६२० मते. दुसऱ्या विधानाशी पहिल्या गटातले ६२ टक्के आणि दुसऱ्यातले ६० टक्के सहमत आहेत. म्हणजे एकूण ६१२ मते. साध्या बहुमताने पहिले विधान जिंकते. ही प्रणाली मात्र गटांच्या सहमतीचा गुणाकार करते: पहिल्याला ०.९ गुणिले ०.२, म्हणजे ०.१८ गुण मिळतात आणि दुसऱ्याला ०.६२ गुणिले ०.६, म्हणजे सुमारे ०.३७. गुणाकारात एक आकडा लहान असला की सगळा गुणाकारच लहान होतो, त्यामुळे मोठ्या गटाला लहान गटावरून नुसत्या संख्येच्या जोरावर पुढे जाता येत नाही. शिवाय सहमतीचे प्रमाण काढताना अंशात एक आणि छेदात दोन मिळवतात. एखाद्या गटातल्या एकाच माणसाने मत दिले आणि ते होकारार्थी असले, तर त्याला शंभर टक्के न मानता दोन तृतीयांश धरले जाते.

या प्रयोगात दोन गट दिसले. व्यक्तिस्वातंत्र्य मोठे की समूहाचे हित, अशा विधानांवर त्यांचे जमले नाही. अपंगांना वापरता येईल असे आणि त्यांना समजून घेणारे उत्तर असावे, यावर मात्र जमले. लोकांची नियमावली कंपनीच्या मूळ नियमावलीशी सुमारे निम्मीच जुळली. लोकांच्या नियमावलीवर शिकवलेले मॉडेल, म्हणजे चॅटबॉटमागचे यंत्र, भाषा आणि गणिताच्या चाचण्यांत कंपनीच्या नियमावलीवर शिकवलेल्या मॉडेलइतकेच ठरले, आणि सामाजिक पूर्वग्रह मोजणाऱ्या एका चाचणीत नऊही बाबतींत कमी पूर्वग्रही आढळले. अर्थात विधाने निवडून, समान विधाने एकत्र करून त्यांची अंतिम भाषा ठरवणारे संशोधकच होते, आणि सहभागी सगळे अमेरिकी होते. एका प्रयोगावरून ‘एआयचे लोकशाहीकरण झाले’ असे कोणी सांगू लागले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तसा आता चॅटबॉटला कौल लावणारी माणसे दिसतात. लग्न, शेअर, आजार, सगळे त्याला विचारले जाते. कोणीतरी लिहिलेल्या नियमांच्या चौकटीतून ते उत्तर येते, हे ज्याला कळले त्याने त्याला दैवी मानण्याचे कारण उरत नाही.

आपल्याकडे सहभाग आहे, पण तो वेगळ्या जागी आहे. केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पातील भाषादान उपक्रमात आणि मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी माणसे आपला आवाज देतात. हे मोलाचे काम आहे. त्याशिवाय यंत्राला मराठी बोली समजणार नाही. पण आवाज देणाऱ्याला यंत्राच्या वागणुकीवर मत विचारले जात नाही. विकास आराखड्यावर जशा हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तशा यंत्राच्या नियमांवरही मागवायला हव्यात, आणि त्या मोजण्याची रीत वर सांगितलेल्या गुणाकारासारखी असायला हवी. त्याला भाषेची अडचण नाही, कारण या गणिताला शब्द वाचावेच लागत नाहीत. विधान अहिराणीत लिहिले काय किंवा मालवणीत, तक्त्यात जाते ते अधिक एक, उणे एक किंवा शून्य.