जुन्या कुऱ्हाडींची डागडुजी

जुन्या, गंजलेल्या कुऱ्हाडी व हातकुऱ्हाडी मिळवून त्यांचे पाते साफ करणे, धार लावणे आणि नवा दांडा बसवून त्या पुन्हा कामाला लावणे, हा एक हस्तछंद. अमेरिका, कॅनडा, स्वीडन, ऑस्ट्रेलिया अशा लाकूडतोडीची मोठी परंपरा असलेल्या देशांत तो विशेष रुजला आहे. दांडा कुजतो, वाळवी खाते, मोडतो. पाते मात्र शंभर वर्षांनीही लाकूड फोडते. सारा छंद या एका गोष्टीवर उभा आहे.

पाती एवढ्या संख्येने मागे का उरली, याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात सापडते. कनेक्टिकट राज्यात फार्मिंग्टन नदीकाठी १८२६ साली कॉलिन्स कंपनी सुरू झाली आणि तिने धार लावलेल्या, घेतल्या घेतल्या वापरता येतील अशा कुऱ्हाडी बाजारात आणल्या. एलिशा रूट या कारागिराने पुढे तिथे घडाईची यंत्रे उभारली. केली, प्लम, वॉरन हे कारखाने मागोमाग आले. प्रदेशागणिक घडण वेगळी होती : मिशिगन, जर्सी, डेटन, कनेक्टिकट ही पात्यांच्या आकारांची नावे छंदिष्टांच्या तोंडी आजही असतात. दुधारी कुऱ्हाड तर तोडणाऱ्यांची खास आवडती. तिची एक धार पातळ, झाड पाडण्यासाठी. दुसरी जाड, गाठी आणि मुळे तोडण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर एका माणसाला पेलणारी यांत्रिक करवत आली आणि कुऱ्हाडी गोठ्यांत, तळघरांत जाऊन पडल्या. कॉलिन्सचा कारखाना १९६६ मध्ये बंद झाला. कौशल्य मात्र पुरते मेले नाही. १९६४ च्या कायद्याने अमेरिकेतील राखीव रानांत मोटारीच्या अवजारांना मनाई झाली. त्यामुळे वनखात्याच्या माणसांना तिथल्या वाटा मोकळ्या ठेवण्यासाठी कुऱ्हाड आणि हातकरवत हाती धरावीच लागली.

पाते निवडताना गंजाला कोणी भीत नाही. पाहतात ते वेगळे. दांडा बसतो त्या भोकाच्या, म्हणजे नेढ्याच्या, भिंतीला तडा आहे का? मागच्या माथ्यावर घण मारून तो पसरवला आहे का? धारेची टोके झिजून गोल झाली आहेत का? मग धारेवर कानस फिरवतात. कानस घसरली तर पोलाद अजून कडक आहे. लोखंड मऊसूत निघू लागले तर कधीतरी ते तापून बिघडले आहे आणि त्यावर मेहनत करण्यात अर्थ नाही.

गंज काढायला साधे पांढरे व्हिनेगर पुरते. पाते त्यात दिवसभर बुडवून ठेवतात, तारेच्या ब्रशने घासतात आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करतात. या वेळी एक सुंदर गोष्ट दिसू शकते. पोलाद महाग होते त्या काळी कुऱ्हाडीचे अंग साध्या लोखंडाचे घडवत आणि फक्त धारेपुरता पोलादाचा तुकडा तापवून, ठोकून त्यात सांधत. व्हिनेगरने पोलाद काळवंडते, लोखंड फिके राहते आणि दोहोंमधली सांध्याची रेघ उघडी पडते. ती रेघ धारेपासून किती दूर आहे, त्यावरून त्या कुऱ्हाडीचे किती आयुष्य उरले ते कळते.

सर्वांत मोठे नुकसान होते ते धार लावताना, आणि तेही हौशी माणसाच्या उत्साहाने. वीजेच्या सहाणचाकावर पाते धरले की ठिणग्या उडतात, चकाकी येते आणि धारेवर क्षणात निळी झाक उमटते. ही झाक सुमारे ३०० अंश सेल्सिअसची खूण. तिथले पोलाद मऊ पडले; लोहाराच्या भाषेत पात्याचे पाणी उतरले. म्हणून जाणकार हातकानस वापरतात आणि मग दगडावर पाणी किंवा तेल घालून धार काढतात. आरशासारखे चकचकीत पाते ही डागडुजी नव्हेच. काळसर झाक आणि कारखान्याचा ठसा राखून जेवढे लागते तेवढेच करावे. अडकलेला जुना दांडा जाळून काढणे हीदेखील तीच चूक. तो पात्याखाली कापावा, नेढ्यातले लाकूड छिद्रे पाडून पोकळ करावे आणि खालून ठोकून वरच्या बाजूने बाहेर काढावे.

खरे कसब दांड्यात आहे. अमेरिकेत तो हिकरी झाडाच्या लाकडाचा, ब्रिटनमध्ये बहुधा ॲश झाडाच्या. दांड्याच्या टोकावर लाकडाची वलये धारेच्या रेषेला समांतर असावीत आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग जावी. ती मध्येच कडेला निघाली तर दांडा तिथेच मोडतो. लालसर गाभ्याची हिकरी कमकुवत, हा जुना समज चाचण्यांत टिकलेला नाही. नेढ्यात दांडा बसवताना पाहणारा चकित होतो : कुऱ्हाड हवेत उलटी, पाते खाली लोंबते धरून दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी हातोडी मारतात. पाते जड असल्याने जागीच राहू पाहते, दांडा त्यातून सरकत जातो आणि प्रत्येक ठोक्याला पाते दांड्यावर चढते. जिथे लाकूड घासले तिथे काळा डाग उमटतो; पाते काढून तेवढेच तासायचे आणि पुन्हा ठोकायचे. हे दहा-बारा वेळा होते. शेवटी दांड्याच्या डोक्यातल्या चिरेत मऊ लाकडाची पाचर ठोकतात. ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवण्याचा उपाय घरोघरी ठाऊक आहे, पण तो दांड्याच्या मुळावर येतो. फुगलेले लाकूड नेढ्यात चेपते आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा ढिले होते. त्याऐवजी जवसाचे तेल मुरवावे. त्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवाव्यात.

महाराष्ट्रात हे काम छंद म्हणून फारसे रुजले नाही, कारण ते कामच राहिले. लोहार आणि सुतार बलुत्यावर अवजारे नीट करून देत. रस्त्याकडेला पाल टाकून भाता चालवणारे घिसाडी आजही कुऱ्हाडी, कोयते घडवतात. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरतो आणि बाई घण घालते. झिजलेल्या पात्याला नवे पोलाद चढवून घ्यायचे, दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा घालायचा, ही इथली रीत. धावड्याचे चिवट लाकूड गाडीच्या आसालाही चालते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण घरातल्या वैऱ्याबद्दल असली, तरी ती ज्याने प्रथम उच्चारली त्याने रानातले लाकूड तासून नेढ्यात ठोकलेले नक्कीच पाहिले असावे.