बारावी व्होकेशनलमधलं रिटेल (महाराष्ट्र)

रिटेलचं व्होकेशनल म्हणजे अकरावी-बारावीच्या (आणि आता काही शाळांत नववीपासूनच्या) मुलांना दुकानातलं काम शिकवायचा कोर्स. माल उतरवून घेणं, मोजणं, रॅकवर लावणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, बिल करणं आणि रात्री गल्ल्याचा हिशेब जुळवणं, एवढं सगळं त्यात येतं. महाराष्ट्रात याच्या दोन वाटा आहेत. जुनी वाट ज्युनियर कॉलेजातली, म्हणजे एमसीव्हीसी, जिला आता एचएससी व्होकेशनल म्हणतात. तिच्यात आधी ‘मार्केटिंग अँड सेल्समनशिप’ होतं, त्या जागी पुढे ‘मार्केटिंग अँड रिटेल मॅनेजमेंट’ आलं. नवी वाट शाळेतली, एनएसक्यूएफची (म्हणजे कौशल्यांच्या पातळ्या ठरवणारी केंद्राची चौकट), तिथे रिटेल हा बाकी विषयांच्या जोडीला घ्यायचा एक विषय असतो. सीबीएसईतही हा विषय आहे, नववी-दहावीला कोड ४०१ आणि अकरावी-बारावीला ८०१.

याचं मूळ कोठारी आयोगात (१९६४-६६) आहे. दहावीनंतर सगळ्यांनीच कॉलेजच्या मागे धावू नये, निम्म्या मुलांनी तरी काहीतरी हाताचं शिकावं असा त्यांचा विचार होता. मग १९८६ चं शैक्षणिक धोरण आलं, त्यात १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के मुलं व्होकेशनलला वळवायचं ठरलं, १९८८ मध्ये केंद्राची योजना आली, पैसे आले आणि महाराष्ट्रात एमसीव्हीसी सुरू झाली. मराठीत ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’, पण हे नाव शासनाच्या पत्राबाहेर कोणी उच्चारलेलं ऐकिवात नाही. १९९२ मध्ये ती टार्गेटं पाच-पाच वर्षं पुढे ढकलली आणि २५ टक्के काही झाले नाहीत ते नाहीतच. २०२० च्या धोरणात तर २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं लिहिलंय, म्हणजे टार्गेट वाढवत न्यायची हौस कायम आहे.

कारभाराचा एक घोळ सुरुवातीलाच सांगून टाकतो. कॉलेज एक, इमारत एक, पण आर्ट्स-कॉमर्सचे शिक्षक शिक्षण खात्याचे आणि व्होकेशनलचे शिक्षक व निदेशक (प्रॅक्टिकल शिकवणारे) व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाचे, ज्यांची आयटीआय आहेत तेच हे. परीक्षा मात्र राज्य मंडळाचीच. त्यामुळे बऱ्याच कॉलेजांत व्होकेशनलचा विभाग मागच्या बाजूला कुठेतरी असतो आणि स्टाफरूममध्येही ही माणसं थोडी परकीच राहतात. पालकांचंही तसंच, दहावीला टक्के कमी पडले की ‘टाका व्होकेशनलला’. दुकानात काम करायला काय शिकायचंय, पोरगं मामाच्या दुकानात बसेल की, हा प्रश्न तर हमखास येतो. त्याचं उत्तर पहिल्या प्रॅक्टिकललाच मिळतं, ते माल घेण्याचं असतं.

टेम्पो आला, ड्रायव्हरला घाई आहे, चलनावर (मालासोबत येणाऱ्या कागदावर) २४ बॉक्स लिहिलेत, सही करा म्हणतो. नवखं पोरगं सही करून मोकळं होतं. शिकवलेलं पोरगं आधी दुकानानं दिलेल्या ऑर्डरचा कागद काढतं, ऑर्डरशी चलन लावून बघतं, मग बॉक्स मोजतं, ओला किंवा चेपलेला बॉक्स ड्रायव्हरच्या समोर उघडतं, एक्स्पायरी बघतं (तीन महिन्यांचा माल एक महिना शिल्लक असताना आला तर तो घ्यायचा की नाही हे मॅनेजरला विचारतं) आणि जे कमी किंवा फुटकं आलं ते चलनाच्या दोन्ही कॉपीवर लिहून मगच सही करतं. नंतर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची दुकानाची स्वतःची नोंद. हे सगळं दहा मिनिटांचं काम, पण त्या दहा मिनिटांत ड्रायव्हर चार वेळा हॉर्न वाजवणार आणि सतरा वर्षांच्या मुलाला ‘थांबा काका, मोजून होऊ दे’ म्हणायला लागणार, माझ्या मते अख्ख्या कोर्समधली अवघड गोष्ट हीच. पुस्तकात ती अर्ध्या पानात संपते.

माल आत आला की मांडणी. नवीन माल मागे, जुना पुढे, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, परीक्षेत ‘फिफो’ म्हणून लिहितातही, पण रॅक भरायची घाई असली की पुढच्या रिकाम्या जागेतच पाकिटं कोंबली जातात आणि दोन महिन्यांनी मागून एक्स्पायर झालेली ओळ निघते. मॉलमध्ये कुठल्या खणात कुठली वस्तू किती ओळी लावायची याचा छापील नकाशा येतो, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. डोळ्याच्या उंचीचा खण सगळ्यात महाग, कारण हात तिथेच जातो, म्हणून जास्त मार्जिनचा माल तिथे आणि साखर-मिठासारखा, जो माणूस वाकूनही घेतोच, तो खाली.

बारकोडचा धडा मुलांना आवडतो, कारण त्यात गणिताची गंमत आहे. आपल्याकडच्या बिस्किटाच्या पुड्यावर १३ आकडे असतात, त्यातला तेरावा नुसता तपासणीचा. पहिल्या बारा आकड्यांत डावीकडून विषम जागेवरचे आकडे तसेच घ्यायचे, सम जागेवरच्यांची तिप्पट करायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि पुढचं दशक गाठायला किती कमी पडतात ते बघायचं, तो तेरावा आकडा (बेरीज दशकावरच आली तर शून्य). याच धड्यात व्हॉट्सॲपवरचा एक जुना समजही निकालात निघतो. ८९० ने सुरू होणारा कोड म्हणजे वस्तू भारतात बनलीय असं नाही, त्या कंपनीला नंबर जीएस१ च्या (बारकोडचे नंबर देणारी जागतिक संस्था) भारतातल्या शाखेनं दिलाय एवढंच त्यावरून कळतं. माल कुठेही बनलेला असू शकतो.

मग गल्ला. समजा सकाळी चिल्लरसाठी २,००० ठेवून काउंटर उघडला. रात्री मशीन म्हणतं विक्री ३८,४५०, त्यात यूपीआय २४,१०० आणि कार्ड ६,३००, म्हणजे रोखीची विक्री ८,०५०. चहा-हमाली १५० गल्ल्यातून गेले, एका बाईंची चप्पल परत घेतली त्याचे ४०० रोख दिले. आता गल्ल्यात ९,५०० हवेत. मोजले तर ९,४६०. हे ४० कुठे गेले याचा शोध घ्यायचा, आणि नाही सापडले तर ‘४० कमी’ असं लिहायचं. स्वतःच्या खिशातले टाकून ताळा जुळवायचा नाही, आणि ४० जास्त निघाले तर खिशातही घालायचे नाहीत. हे मुद्दाम शिकवावं लागतं, कारण पोरं घाबरून स्वतःचे पैसे टाकतात आणि त्यामुळे चूक नेमकी कुठे होते ते कधीच कळत नाही. साउंडबॉक्स आल्यापासून आणखी एक भर पडलीय, गिऱ्हाइकानं मोबाइलवर दाखवलेला हिरवा टिक हा पुरावा धरायचा नाही, बॉक्स बोलला किंवा दुकानाच्या फोनवर मेसेज आला तरच माल द्यायचा.

कायद्याचा भाग छोटा पण कामाचा. पॅकबंद वस्तूच्या एमआरपीत सगळे टॅक्स आलेले असतात, वरून जीएसटी लावता येत नाही, आणि कोल्ड्रिंक गार करून दिलं म्हणून दुकानदारानं वरचे दोन रुपये घेणंही बरोबर नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बाजारपेठेत दर तिसऱ्या दुकानात दिसते, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खराब निघालेला माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच आलं. वर्गात हे शिकून पोरगं ट्रेनिंगला जातं आणि नेमकं त्या पाटीखालीच उभं राहतं, मग काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

इथेच या कोर्सची खरी अडचण आहे असं मला वाटतं. एनएसक्यूएफची पुस्तकं भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा संस्थेनं (एनसीईआरटीची, १९९३ पासून) तयार केलीत, कामांची मानकं रिटेलर्सच्या स्किल कौन्सिलनं, आणि दोघांच्याही डोळ्यासमोर मॉल आहे. नववी-दहावीला ‘स्टोअर ऑपरेशन्स असिस्टंट’, अकरावी-बारावीला ‘सेल्स असोसिएट’. युनिफॉर्म, नेमप्लेट, ‘गुड मॉर्निंग सर, मी आपली काय मदत करू’. पण तालुक्याच्या गावातलं पोरगं ट्रेनिंगला जाणार कुठे, तर कापड दुकानात, मोबाइलच्या दुकानात, कृषी सेवा केंद्रात किंवा किराण्यात. तिथे गिऱ्हाईक नावानं ओळखीचं, उधारीची वही आहे, भाव खालीवर होतो, आणि साडीच्या दुकानात तर गादीवर बसून पन्नास साड्या उलगडून, एकही न घेता उठलेल्या बाईंना ‘परत या हं ताई’ हसून म्हणायचं, वर घड्या घालायच्या त्या वेगळ्याच. उधारी कुणाला द्यायची, किती दिवसांनी आठवण करायची आणि संबंध न तोडता पैसे कसे मागायचे यावर एक तरी प्रकरण असायला हवं होतं. काही निदेशक ते आपल्या मनानं शिकवतात, गावातल्या एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला वर्गात बोलावून, आणि तो तास सगळ्यात भारी होतो म्हणतात.

लॅबची गोष्ट म्हणाल तर कागदावर प्रत्येक ठिकाणी छोटं दुकान उभं असतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दोन रॅक, मुलांनी घरून आणलेली रिकामी खोकी आणि चालू-बंद होणारं एक बिलिंग मशीन असतं. जिथे शाळेचं स्वतःचं स्टेशनरी स्टोअर मुलांच्या हातात दिलंय तिथे मात्र कामाची शिस्त फार लवकर येते, कारण वह्या खऱ्या, पैसे खरे आणि समोर उभा पाचवीतला पोरगा सुट्ट्या पैशांसाठी खरोखर भांडतो.

प्रत्यक्ष दुकानातलं ट्रेनिंग अभ्यासक्रमातच आहे. तिथे नीट शिकवणारा मालक मिळाला तर सोनं, नाहीतर महिनाभर चहा आणायचा आणि गोडाऊन झाडायचं. म्हणून ट्रेनिंग डायरी असते, रोज काय केलं ते लिहून मालकाची सही घ्यायची. ती शेवटच्या दिवशी एकाच पेनानं भरलेली असली की सरांना लगेच कळतं. दिवसभर उभं राहणं हाही प्रश्न आहे, मुलींना जास्तच. केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायची असा कायद्यात बदल केला, त्यामागे साड्यांच्या आणि दागिन्यांच्या शोरूममधल्या बायकांचा अनुभव होता.

बारावीनंतर सरळ नोकरी करता येते, बीकॉमला जाता येतं, किंवा एक वर्षाची अप्रेंटिसशिप करता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन बारावी व्होकेशनलवाल्यांचा वेगळा गट घातला गेला, पश्चिम भारतासाठीचं त्याचं बोर्ड मुंबईत आहे आणि २०१९ च्या नियमांत या गटाला महिन्याला किमान ७,००० स्टायपेंड ठरला. बीकॉमला गेलेली मुलं पहिल्या वर्षी अकाउंट्समध्ये थोडी चाचपडतात, कारण नुसत्या कॉमर्सवाल्यांनी दोन वर्षं जर्नल-लेजर केलेलं असतं.

अलीकडे शहरातली मुलं दुकानाऐवजी दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या कंपन्यांच्या डार्क स्टोअरमध्ये लागतायत. तिथे माल घेणं, एक्स्पायरी, खणाचा नंबर, स्कॅनिंग हे शिकलेलं सगळं पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतं, फक्त आत गिऱ्हाईक कधी येतच नाही, त्यामुळे सेल्समनशिपचा निम्मा अभ्यासक्रम तिथे बिनकामाचा ठरतो आणि त्याच्या जागी मिनिटाला किती वस्तू उचलल्या हे मोजलं जातं.