गेममधली एआय आणि गेम खेळणारी एआय

व्हिडिओ गेमच्या संदर्भात ‘एआय’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींना लावला जातो, आणि एकीच्या पराक्रमाच्या बातम्या वाचून दुसरीकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जातात. पहिली गेमच्या आतच राहते: पहाऱ्यावरचा शिपाई, शर्यतीत आपल्या मागे लागलेली गाडी. दुसरी गेमच्या बाहेर प्रयोगशाळेत तयार होते आणि खेळाडूच्या जागी बसून गेम खेळते.

पहिलीचे माझ्या मते आजही सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे नामको कंपनीचा १९८० सालचा ‘पॅक-मॅन’. चौकोनांच्या चक्रव्यूहात ठिपके खात फिरणाऱ्या पॅक-मॅनला खेळाडू चालवतो आणि भुते त्याच्या मागे लागतात. त्यातले लाल भूत पॅक-मॅन ज्या चौकोनात असेल त्याच चौकोनाचा रोख धरते, तर गुलाबी भूत त्याच्या तोंडापुढच्या चौथ्या चौकोनाकडे निघते. नारिंगी भूत आठ चौकोनांहून लांब असेपर्यंत पाठलाग करते आणि जवळ आले की चक्क आपल्या कोपऱ्याकडे वळते. एवढ्याशा नियमांमुळे खेळणाऱ्याला मात्र वाटते, की एकाने मागून हुसकावायचे आणि दुसऱ्याने पुढून वाट अडवायची, असे या भुतांचे आपसात ठरलेले आहे. प्रत्यक्षात ती एकमेकांशी बोलत नाहीत आणि मागच्या डावातून काही शिकतही नाहीत. शिवाय ठरावीक काळाने सगळी भुते पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांकडे पांगतात; पहिल्या पातळीच्या सुरुवातीला ही उसंत सात सेकंदांची असते. खेळाडूला दम खाऊ देणारा शत्रू मुद्दाम तसा घडवलेला असतो, म्हणून या प्रकाराला बुद्धिमत्तेपेक्षा अभिनय म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

दुसऱ्या प्रकारात असे नियम कोणी लिहून देत नाही. डीपमाइंड या एआय संशोधन कंपनीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एकच शिकण्याची पद्धत अटारी या जुन्या गेमयंत्राच्या ४९ गेमवर चालवली होती. यंत्राला पडद्यावरचे चित्र आणि गुण एवढेच मिळत होते, बाकीचे त्याने असंख्य चुका करत शोधायचे होते. चेंडूने विटांची भिंत फोडण्याच्या ‘ब्रेकआउट’मध्ये त्याने भिंतीच्या कडेने बोगदा पाडून चेंडू विटांच्या मागे सोडण्याची युक्ती शोधून काढली. ‘माँटेझुमाज रिव्हेंज’मध्ये मात्र पहिला गुण मिळण्याआधीच बरेच काही बिनचूक करावे लागते, आणि तिथे तेच यंत्र शून्यावर अडकले.

गुणांच्या मागे धावण्याचे परिणाम कधीकधी हास्यास्पदही होतात. ओपनएआय या कंपनीने २०१६ मध्ये बोटींच्या शर्यतीच्या एका गेमवर असाच प्रयोग केला, तेव्हा बोट शर्यत पुरी करण्याऐवजी एका खाडीत गोलगोल फिरत, इतर बोटींवर आदळत, पेट घेत तीच तीन लक्ष्ये पुन्हापुन्हा टिपत राहिली, आणि तरीही तिचे गुण माणसांपेक्षा जास्त भरले.

अशी शिकलेली एआय सर्रास गेममध्ये का बसवत नाहीत, याचे एक कारण खर्च हे आहे. २०१९ मध्ये ‘डोटा २’ या सांघिक लढाईच्या गेममधल्या विश्वविजेत्या संघाला हरवणारी ‘ओपनएआय फाइव्ह’ दहा महिन्यांत सुमारे ४५,००० वर्षांइतका खेळ खेळून शिकली होती. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. भूत चुकीचे वागले तर नियमातला आकडा बदलून ते सुधारता येते. शिकलेल्या एआयच्या आतल्या असंख्य आकड्यांच्या जाळ्यात तसा हात घालून दुरुस्त करण्यासारखा आकडाच सापडत नाही. आणि सतत जिंकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी दुसऱ्यांदा खेळायला फारसे कोणी उत्सुक नसते.

तरी या दोहोंमधली सीमा अभेद्य नाही. सोनीची ‘जीटी सोफी’ ही एआय शिकून तयार झाली, निष्णात चालकांना हरवू लागली आणि २०२३ मध्ये ‘ग्रान टुरिस्मो ७’ या मोटारशर्यतीच्या गेममध्ये काही काळ खेळाडूंसमोर प्रतिस्पर्धी म्हणून उतरली. शिकवताना तिला वेगासाठी गुण मिळत आणि दुसऱ्या गाडीला धडक दिल्यास ते कापले जात, पण धडकेची भीती वाढली की ती नको तितकी भिडस्त होऊन वाट सोडून देई, त्यामुळे हा तोल साधण्यासाठी बरीच खटपट करावी लागली. गेममध्ये उतरतानाही तिच्यासाठी चढत्या काठिण्याच्या शर्यती आखल्या गेल्या, म्हणजे नवख्या खेळाडूला पहिल्याच वळणावर नामोहरम व्हावे लागू नये.