‘सॉफ्ट’ कौशल्यांची कठीण कहाणी

‘सॉफ्ट स्किल्स’ हा शब्द अमेरिकी लष्करातून रूढ झाला, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी थट्टाच वाटते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस या लष्करानं आपलं सगळं प्रशिक्षण नव्यानं, पद्धतशीर आखायला घेतलं होतं. यंत्र चालवणं, हत्यार जुळवणं ही कामं कागदावर नीट उतरली. पहिली पायरी, दुसरी पायरी, शेवटी परीक्षा. पण माणसं कशी हाताळायची, कचेरीतल्या लोकांकडून काम कसं करून घ्यायचं, हे काही केल्या त्या चौकटीत बसेना. डिसेंबर १९७२मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस इथे खास याच प्रश्नावर परिषद भरली. तिथे पॉल व्हिटमोर या संशोधकानं केलेलं निरीक्षण मोठं मार्मिक होतं. ज्या कामांबद्दल आपल्याला पुष्कळ कळतं त्यांना आपण ‘हार्ड’ म्हणतो आणि ज्यांबद्दल फारच थोडं कळतं त्यांना ‘सॉफ्ट’, असा त्याचा आशय. ही चक्क अज्ञानाची कबुली होती. पुढे शब्द टिकला, कबुली मात्र गळून पडली आणि ‘सॉफ्ट’चा अर्थ सोपं, वरवरचं, जमलं तर बरं, असा होऊन बसला.

हे अज्ञान आलं कुठून, हे पाहायचं तर साठ-सत्तर वर्षं मागं जावं लागतं. फ्रेडरिक टेलर हा अमेरिकी इंजिनिअर हातात स्टॉपवॉच घेऊन मजुरांच्या हालचाली मोजत असे. बेथलेहेम पोलाद कंपनीत एक मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड वाहत होता, तो आपल्या पद्धतीनं साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला, ही त्याची लाडकी गोष्ट. (ती त्यानं बरंच तिखटमीठ लावून सांगितली होती, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं.) विचार करायचा तो वरच्यानं, हात चालवायचे ते खालच्यानं, अशी ही वाटणी. १९११मध्ये टेलरचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातल्या ओतकाम करणाऱ्या कामगारांनी स्टॉपवॉच दिसताच काम टाकून दिलं. प्रकरण संसदेपर्यंत गेलं, चौकशी झाली आणि काही वर्षांतच सरकारी शस्त्रागारांत घड्याळ लावून काम मोजण्यावर बंदी आली. टेलरच्या हिशेबात सगळं होतं. ज्याच्यावर घड्याळ रोखलं आहे त्याला काय वाटतं, एवढंच राहून गेलं होतं.

शिकागोजवळचा हॉथॉर्न कारखाना या कहाणीत सगळ्यांनाच ठाऊक असतो, पण बहुधा चुकीच्या कारणासाठी. वेस्टर्न इलेक्ट्रिक ही टेलिफोनची सामग्री बनवणारी कंपनी. १९२४मध्ये तिथे प्रकाश वाढवला तर उत्पादन वाढतं का, हे तपासायला सुरुवात झाली. उत्तर काही धड मिळेना. मग १९२७मध्ये रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे स्विच) जुळवणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास, खाणं अशा एकेक गोष्टी बदलून पाहिल्या. उत्पादन वर्षा-दोन वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं. ‘कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, एवढ्यानंच माणूस खुलतो’ असा त्याचा लोकप्रिय अर्थ लागला. मात्र याच खोलीतल्या दोघी फार बोलतात, ऐकत नाहीत म्हणून जानेवारी १९२८मध्ये हटवल्या गेल्या आणि त्यांच्या जागी दोन नव्या आणल्या गेल्या. शिवाय या पाचजणींची कमाई त्यांच्याच छोट्या गटाच्या उत्पादनाशी जोडली होती. म्हणजे लक्ष दिलं, पैसेही दिले, नको ती माणसंही काढली आणि श्रेय दिलं ते फक्त लक्षाला. १९६०च्या दशकापासून अभ्यासकांनी यावर कडक टीका केली आहे, ती मला रास्त वाटते.

हॉथॉर्नमधला खरा ऐवज त्या खोलीच्या बाहेर आहे. १९२८पासून कंपनीनं कामगारांच्या मुलाखती घ्यायला घेतल्या. सुरुवातीला हातात प्रश्नांची यादी असे. पण लोक प्रश्नाचं उत्तर सोडून भलतंच सांगत बसत. शेवटी यादी बाजूला ठेवली आणि मुलाखत घेणाऱ्यांना सूचना मिळाली की मध्ये बोलू नका, सल्ला देऊ नका, वाद घालू नका, ऐका. १९३०पर्यंत २१ हजारांवर मुलाखती झाल्या. ऐकणं हे शिकवण्याजोगं, सराव करण्याजोगं कसब आहे, हे उद्योगजगतानं मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा अनुभवलं ते बहुधा इथे. एल्टन मेयो आणि फ्रिट्झ रोथलिसबर्गर या हार्वर्डच्या मंडळींनी त्यावर पुढचा डोलारा उभा केला.

आणि मग १९३१-३२मधली, तारा जोडणाऱ्या १४ पुरुषांची खोली. इथे कुणी काही बदललं नाही, फक्त एक निरीक्षक कोपऱ्यात बसून पाहत राहिला. त्याला दिसलं की दिवसाला किती काम ‘बरोबर’, हे त्या माणसांनी आपापसांत ठरवूनच टाकलं आहे. कुणी जास्त केलं तर त्याला नावं ठेवली जात आणि दंडावर एक गुद्दा बसे. साहेबाकडे चुगली करणाऱ्याला तर गटात जागाच नव्हती. म्हणजे टीम आधीपासून होतीच. फक्त ती कंपनीच्या विरुद्ध बाजूला होती.

त्याच सुमारास मेरी पार्कर फॉलेट नावाच्या बाई यापेक्षा पुढचं सांगत होत्या आणि त्यांच्या हयातीनंतर त्यांना कित्येक दशकं जवळजवळ कुणी विचारलं नाही. बोस्टनच्या वस्त्यांमध्ये सामाजिक काम करून आलेल्या फॉलेट १९२०च्या दशकात कारखानदारांपुढे व्याख्यानं देत. सत्ता ‘कुणावर’ गाजवायची असते तशीच ती ‘कुणाबरोबर’ उभी करताही येते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. संघर्षाबद्दलचं त्यांचं उदाहरण अगदी साधं आहे. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या एका लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटना बंद. शेवटी शेजारच्या, रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. हवा हवी असलेल्याला हवा मिळाली आणि फॉलेटना नको असलेला थेट वारा टळला. दोघांनीही काही सोडलं नाही. ही तडजोड नाही, असं त्या बजावून सांगत, कारण तडजोडीत दोघंही अर्धी हार पत्करतात. वाटाघाटी शिकवणारे वर्ग आजही याच खिडकीपाशी येऊन थांबतात.

नेतृत्वाचा प्रयोगशाळेत अभ्यास होऊ शकतो, हे दाखवलं मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३मध्ये जर्मनी सोडून ते अमेरिकेत आले आणि हुकूमशाही माणसांचं काय करते, हा प्रश्न त्यांनी बरोबरच आणला. आयोवात १९३८च्या सुमारास त्यांनी लिपिट आणि व्हाइट या सहकाऱ्यांसह दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर प्रयोग केले. काही गटांना हुकूम सोडणारा मोठा माणूस दिला, काहींना चर्चा करून ठरवणारा, काहींना नुसता बसून राहणारा. एक गोष्ट या प्रयोगाचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. हुकूमशहा समोर असताना दबलेली मुलं कामात जास्तच वेळ घालवत होती. फरक दिसला तो मोठा माणूस खोलीबाहेर गेल्यावर. हुकूमशाही गटात काम झपाट्यानं घसरलं, चर्चा करणाऱ्या गटात ते चालू राहिलं. चांगला नेता ओळखायचा असेल तर तो नसताना काय होतं ते बघावं, हे मला त्या सगळ्या आकडेवारीतलं सर्वांत कामाचं वाटतं.

१९४६च्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमधल्या एका प्रशिक्षण शिबिरात अशीच एक अनपेक्षित गोष्ट घडली. दिवसभराच्या गटचर्चांमध्ये कोण कसं वागलं, याचा आढावा लेविन आणि सहकारी संध्याकाळी घेत. काही शिबिरार्थींनी विचारलं, आम्ही बसू का? लेविन यांनी होकार दिला. निरीक्षक एका बाईंच्या वागण्याबद्दल सांगू लागला आणि त्या म्हणाल्या, असं नाही, असं झालं होतं. चर्चा पेटली. दुसऱ्या दिवशी आणखी लोक आले. आपल्याबद्दल दुसऱ्याला काय दिसलं हे तोंडावर ऐकायचं आणि त्यावर बोलायचं, ही आज ‘फीडबॅक’ म्हणून गुळगुळीत झालेली पद्धत आकाराला आली ती या शिबिरातून. लेविन पुढच्याच फेब्रुवारीत वारले, पण १९४७च्या उन्हाळ्यापासून मेन राज्यातल्या बेथेल गावी अशी शिबिरं नियमित भरू लागली.

‘मानवी कौशल्य’ ही नेमकी संज्ञा व्यवस्थापनात पक्की झाली १९५५मध्ये, रॉबर्ट कॅट्झ यांच्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखामुळे. व्यवस्थापकाला तांत्रिक, मानवी आणि संकल्पनात्मक अशी तीन कौशल्यं लागतात. वर चढत जावं तसं पहिल्याचं महत्त्व घटतं, तिसऱ्याचं वाढतं, मधलं मात्र सर्वच पायऱ्यांवर लागतं, असं त्यांनी मांडलं. जवळपास वीस वर्षांनी तोच लेख पुन्हा छापला गेला, तेव्हा कॅट्झ यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं. मधलं कौशल्य एक नसून दोन आहेत, आपल्या माणसांना धरून राहण्याचं आणि दुसऱ्या विभागांशी जुळवून घेण्याचं. एकात तरबेज असलेला दुसऱ्यात बऱ्याचदा कच्चा असतो. आपल्या टीमसाठी जीव टाकणारा आणि बाकी सगळ्यांशी भांडणारा साहेब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

तरीही १९७०च्या दशकापर्यंत हे सगळं ‘चांगलं वागावं’ या कोटीतच मोडत होतं. ते बदललं अपघातांनी.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. केएलएम या डच कंपनीच्या विमानानं धावपट्टीवर वेग घेतला तेव्हा पॅन अ‍ॅमचं विमान अजून त्याच पट्टीवर होतं. केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान अजून बाहेर पडलं नाही का, असं त्यानं विचारलं. कप्तानानं ठामपणे सांगितलं की पडलंय. इंजिनिअर गप्प झाला. कप्तान हा कंपनीत ७४७ विमानांच्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता आणि शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षा त्यानंच सुमारे दोन महिन्यांपूर्वी घेतली होती. ५८३ माणसं गेली. पुढच्या वर्षी डिसेंबरात युनायटेड या अमेरिकी कंपनीचं एक विमान पोर्टलंडवर तासभर घिरट्या घालत राहिलं. चाकांच्या बिघाडात कप्तान गुंतला होता. इंधन संपत आलंय, हे इंजिनिअरनं सांगितलं होतं, पण कप्तानाच्या मनात ते उतरेल इतक्या जोरात नाही. इंजिनं बंद पडली, दहाजण दगावले. विमान मात्र उतरवता येण्याजोगं होतं.

या दुसऱ्या अपघाताच्या चौकशीनंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं केलेली शिफारस मला या शंभर वर्षांतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटतं. कप्तानांना इतरांना सामील करून घ्यायला शिकवा आणि इतरांना ठामपणे बोलायला शिकवा. तोवर सगळा उपदेश एकाच टोकाला असे. टेलरनं मजुराला सुधारायला सांगितलं, हॉथॉर्ननं मुकादमाला. इथे पहिल्यांदा दोन्ही टोकं एकाच वाक्यात आली. खालच्याला बोलायला शिकवून वरचा बहिराच राहिला तर खालच्याची फक्त नोकरी जाते.

१९७९मध्ये नासानं यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१मध्ये युनायटेडनं वैमानिकांसाठी पूर्ण अभ्यासक्रम सुरू केला. त्याचा पाया व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणातून उचललेला होता. जुन्या वैमानिकांनी त्याची ‘शिष्टाचाराची शाळा’ म्हणून टर उडवली. १९ जुलै १९८९ला याच कंपनीच्या एका विमानाचं मधलं इंजिन फुटलं आणि सुकाणू चालवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. अशा प्रसंगासाठी कसली नियमावलीच नव्हती. प्रवासी म्हणून बसलेला एक प्रशिक्षक वैमानिक मदतीला आला, तर कप्तान अल हेन्स यांनी त्याला थेट इंजिनांच्या दांड्या हाती दिल्या. सू सिटीला विमान आदळलं, पण २९६पैकी १८४जण वाचले. श्रेय त्या प्रशिक्षणाला आहे, असं हेन्स पुढे जन्मभर सांगत फिरले.

१९९५मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ‘भावनिक बुद्धिमत्ता’, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून वागण्याची क्षमता, घरोघरी पोचली. मूळ कल्पना १९९०मध्ये सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी बरीच संयमानं मांडली होती, बाजारात आल्यावर तिचे दावे फुगले. त्यापेक्षा एमी एडमंडसन या संशोधक बाईंचं काम टिकाऊ ठरलं. रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या आणि चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. निघालं उलटंच. चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या होत्या, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. १९९९मध्ये त्यांनी याला टीमची ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटलं. गूगलनं २०१२पासून आपल्या १८० टीमचा अभ्यास केला, तेव्हा टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात याला जास्त वजन निघालं आणि या सुरक्षिततेचा नंबर पहिला लागला.

वैमानिकांकडून ही शिकवण शस्त्रक्रियागृहातही आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या तपासयादीत १९ मुद्दे आहेत. त्यातला एक असा की चीर देण्यापूर्वी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगावं. ज्याचं नाव माहीत आहे त्याला हटकणं सोपं जातं. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी आल्यावर मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं ती सगळीकडे सक्तीची केली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. यादी पाळली जाते, असं जवळजवळ सर्वांनीच कळवलं होतं आणि मृत्यूच्या आकड्यात लक्षणीय फरक पडलेला नव्हता. तिथे नावं खरंच सांगितली जात होती की नुसत्या चौकोनात खुणा होत होत्या, यावर वाद झडले.